मोठ्या मापाच्या बांगड्या

“पुरुष,” हाडांचा स्कॅन तपासणाऱ्या यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं. त्याचा शब्द शेवटचा, त्यामुळे जळालेली ही हाडं संध्याकाळी बेवारस पुरुष म्हणून पुरली जाणार होती.

शवागाराच्या दाराशी यशोदाबाई हिरव्या बांगड्या घेऊन बसल्या होत्या. “बाई, माझी नंदा पैलवान होती हो. हाताच्या हाडात स्टीलची पट्टी बसवलेली, ती बघितलीत ना? सवाष्ण पोर, ओटी न भरता कशी लावू वाटेला?”

डॉ. चारुशीलांनी पट्टी पाहिली होती. पण यंत्र पुरुष म्हणालं की हरवलेल्या बायकांशी कुणी ताडून बघत नसे. कवटी शाबूत, म्हणून यंत्रानं तिच्यावरूनच निकाल दिला होता. कुस्तीनं कमावलेली मान-जबड्याची हाडं बघून ते फसलं. कमरेच्या हाडाचे तुकडे झालेले, ते त्यानं सोडूनच दिले होते.

“मॅडम, यंत्राशी भांडून कोण जिंकलंय?” सहकारी हसला.

“भांडत नाही. दाखवते त्याला.”

सोमवारच्या फराळाचा डबा न उघडता त्या स्कॅनमधले तुकडे पडद्यावर जुळवत बसल्या. उन्हं कलता कलता कमरेच्या हाडाची खाच पुरी झाली. ती रुंद होती, बाईची.

“स्त्री,” यंत्र म्हणालं. मग हरवलेल्या बायकांच्या नोंदींशी ताडल्यावर पट्टीही नंदाचीच निघाली.

चारुशीला दाराशी गेल्या. “यशोदाबाई, या. ओटी भरा लेकीची.”

यशोदाबाईंनी बांगड्या पुसल्या. “कासाराकडून मोठ्या मापाच्या घेतल्यात. मनगट दणकट होतं तिचं.”