सुलटं पुस्तक

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये हरणाबाई आपल्या ठकीचं नाव पहिलीत घालायला वडूजजवळच्या शाळेत गेली. गुरुजींनी मुळाक्षरांचं पुस्तक पुढ्यात ठेवलं. ठकीनं ते उलटं फिरवून धरलं.

"हिला पुस्तक धरायचंसुद्धा कळत नाही," गुरुजी हसले. "मेंढरांमागं वाढलेली पोर. अजून वर्षभर बालवाडीतच राहू दे."

हरणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीच्या बालवाडीपायी यंदा ती कळपामागं कोकणात गेली नव्हती. तिनं ठकीच्या पाठीत धपाटा घातला. "वरीसभर काय शिकलीस गं?"

ठकी हुंदके देत उलट्या पुस्तकावर बोट ठेवून वाचू लागली. "कमळातला क. खडूतला ख. गवतातला ग." एकही अक्षर चुकलं नाही.

गुरुजींनी चकित होऊन पुस्तक सुलटं केलं. ठकी गप्प झाली.

"आसं न्हाई येत मला. बालवाडीत बाईंच्या मांडीवरलं पुस्तक समोरनं उलटंच दिसतंया."

"मग बाईंच्या शेजारी का बसत न्हाईस?" हरणाबाईनं विचारलं.

"तितं गावातली पोरं बसत्यात. बाई म्हंत्यात, तुमच्या अंगाला मेंढराचा वास येतोय."

हरणाबाई ताडकन उठली. "गुरुजी, आदी हिचं नाव लिवा," म्हणाली आणि तरातरा आवारातल्या बालवाडीत शिरली. बाईंच्या समोर मेंढपाळांच्या वाड्यावरची दोन चिमुरडी माना वाकड्या करून पुस्तक बघत होती. तिनं दोघांना उचललं आणि बाईंना खेटून बसवलं.

"वास आला तर नाक दाबा, बाई. पुस्तक मातूर सुलटं दिसू द्या."