पार्बताबाईचा पसारा

"आता काकू, तुमी!" अनुप सरांनी फळ्यावरच्या 'टॉप्सी-टर्व्ही'वर खडू आपटला.

टॉप्सी-टर्व्ही म्हणजे सगळा उलटापालटा पसारा. ज्यानं त्यानं आपल्या घरचा सांगायचा, इंग्रजीत आणि खरा. देवानंदनं बहिणीच्या लग्नानंतरचं घर सांगितलं. वर्षालीनं होस्टेलची खोली सांगितली, तर पोरं बाकं बडवून हसली.

पार्बताबाईकडे कुठला आलाय पसारा! नवरा गेला, मुलगा कॅनडात. अमरावतीच्या त्या तीन खोल्यांत सकाळी ठेवलेला पेला संध्याकाळीही तिथंच. नातवाशी बोलता यावं म्हणून क्लास लावला, असं ती सगळ्यांना सांगायची. नातू तर फोनवर हाय म्हणून पळतो, त्याला इंग्रजी लागतंच किती? खरं म्हणजे इथं दोन तास माणसांत बसायला मिळायचं. कुणी "काकू, सरका जरा" म्हणायचं. तेवढ्यासाठी बाई उन्हातान्हाची यायची, आणि क्लास सुटूच नये असं तिला वाटायचं.

"माय हाऊस..." ती अडली. सगळे तिच्याकडे बघत होते. "माय हाऊस इज टॉप्सी-टर्व्ही."

"व्हेरी गुड! अन् कावून? बिकॉज लावा."

आता काय लावणार, कपाळ! पण तोंडातून निघून गेलं, "बिकॉज माय ग्रँडसन हॅज कम."

काय टाळ्या पडल्या! "नातू आला? अन् काकू, तुमी सांगून नाही राहिल्या!" वर्षालीनं तिला मिठीच मारली. बाईचे कान तापले. उद्या सांगू खरं, आज राहू दे, असं तिनं मनाशी म्हटलं. कितीतरी दिवसांनी कुणी तिला जवळ घेतलं होतं. मग ती रंगातच आली. सोफ्याच्या उशा खाली, तांदळाचा डबा पालथा, भिंतीवर रेघोट्या. मराठीत सांगितलं तरी सरांनी चालवून घेतलं.

"मंग तुमी इथं काय करून राहिल्या?" सर हसून म्हणाले. "जा घरी. पोरगं वाट पाहून राहिलं असन. अन् तो आहे तोवर क्लासले येऊच नका, काकू. सुट्टी तुमाले!"

वर्षालीनं तिची वही पिशवीत घालून दिली. "किती दिवस आहे तो?"

कॅनडाहून कुणी दोन दिवसांसाठी थोडंच येतं!

"म्हयनाभर," पार्बताबाई म्हणाली.