शांत गाईचं रक्त

"सगळी? एकूण एक जनावर?" सासरे डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

जनावरांच्या डॉक्टरांनी नुसता अहवाल पुढे केला. गावोगावच्या गोठ्यांत रक्ततपासणी चालू होती. जनावरांकडून माणसांना होणारा रोग शोधायचा होता. कुठे एक गाय सापडली, कुठे दोन. या गोठ्यातली मात्र प्रत्येक नळी दूषित निघाली होती. उद्या गाडी येणार आणि सगळी जनावरं मारायला नेणार.

शेणाची पाटी घेऊन सून दारातच थांबली. तिला हसू आलं, पण ते रागाचं. रक्त घ्यायला आलेला माणूस कामचुकार होता आणि सासरे अतिशहाणे. "बाकीच्या सुई बघून बिथरतात, मग पान्हा चोरतात," त्यांनी त्या माणसाला सांगितलं होतं. "या शांत गाईच्याच सगळ्या नळ्या भरा. ही शेपूटसुद्धा हलवत नाही." दोघांचीही सोय झाली. सुनेने तेव्हा तोंड उघडलं, तर "तू शेण काढ" म्हणून तिला गप्प केलं होतं.

आता सासऱ्यांनी बोलावं तर लबाडी उघडी पडणार, न बोलावं तर गोठा रिकामा. सासूबाईंनी कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे सासऱ्यांनी खरं काय ते सांगितलं.

"पोरखेळ वाटला का तुम्हाला?" डॉक्टर भडकले. "सगळ्यांचं रक्त आता मी स्वतः घेतो. पण ती एक गाय तर नक्कीच गेली. तिचं दूध कुठे जातं?"

"विकत नाही हो आम्ही," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "ते घरातच. लग्न होऊन आली तेव्हापासून सुनेला देते रोज पेलाभर, धारोष्ण. तरी दोनदा पोट पडलं तिचं, अंगात ताकद कशी ती नाही."

डॉक्टरांचा आवाज एकदम उतरला. "बाई, या रोगाने गाय गाभडते. आणि कच्च्या दुधातून तो बाईला झाला, तर तिचंही पोट पडू शकतं."

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. हीच गाय गाभडली, तेव्हा सासऱ्यांनी तिची पेंड वाढवली होती. मुकं जनावर, त्याचा काय दोष, म्हणाले होते. सुनेच्या वेळी त्याच तोंडाने तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि ती वेडी आपलाच दोष समजून रोज तो पेला संपवत आली होती.

सासऱ्यांचा जीव मात्र भांड्यात पडला होता. "म्हणजे एकीवरच भागेल!" ते हसले. "बाकीचा गोठा वाचला म्हणायचा."

सुनेने पाटी तिथेच आदळली. हौदावर हात धुतले, बाही वर सारली आणि दंड डॉक्टरांपुढे धरला.

"आधी माझी नळी भरा."

"अहो ताई, मी जनावरांचा डॉक्टर. तुम्ही दवाखान्यात..."

"भरा," ती सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "या घरात तपासणी होते ती जनावरांचीच."