समुद्राचा धडा

निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता, पण सातवीच्या पुस्तकात समुद्रकिनाऱ्याचा धडा मात्र होता. म्हणून बळवंत मास्तरांनी वर्ग कयाधू नदीच्या काठावर नेला आणि पोरांना वाळूत शिंपले शोधायला लावलं.

तेवढ्यात वर्गातल्या थावरूची आई जमनीबाई लमाणांच्या तांड्यावरून तरातरा आली.

"थावरू, ऊठ! गुरं राखायची सोडून वाळूत खेळून राहिला? मास्तर, आमाला समुद्राचं काय करायचं?"

मास्तर उत्तर द्यायला वळले आणि तिच्या ओढणीकडे बघतच राहिले. ओढणीच्या काठाला पांढऱ्या कवड्या ओळीनं शिवलेल्या होत्या.

"पोरांनो, इकडं पळा!" मास्तर ओरडलेच. "ह्या कवड्या बघा. समुद्रातल्या गोगलगायींची घरं हायेत ही!"

पोरांनी जमनीबाईभोवती गराडा घातला.

"थावऱ्या, तुझी आई समुद्र पांघरून आली रे!" एक जण किंचाळला. थावरूची छाती फुगली.

जमनीबाईनं एका कवडीवरून हळूच बोट फिरवलं. "खरंच ह्याच्यात जीव राहत होता?"

"व्हय, बराबर."

"लहानपणी मी दोन पेरल्या होत्या, मास्तर. मला वाटलं, कोण्या झाडाच्या बिया असतील. रोज पाणी घालायचे." ती एकदम हसली. "उगवल्या काहून न्हाईत, ते आज कळलं!"

मग तिनं ओढणी सावरली आणि पोरांच्या घोळक्यातच वाळूत बसली.

"थावरू, सरक जरा."