निम्मं पाणी

"उद्यापासून तू लॅबमध्ये यायचं नाहीस." निवेदिता मॅडमनी भुवनेश्वरीच्या हातातली मिथेनॉलची बाटली काढून घेतली. "पाचवा महिना लागला आणि आत्ता सांगतेस? विष आहे गं हे. याची नुसती वाफसुद्धा नको. प्रोजेक्ट पुढच्या वर्षी कर."

भुवनेश्वरी टेबल धरून उभी राहिली. वळसंगहून रोज एसटीनं सोलापूरला येत ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली होती. पुढच्या वर्षी मांडीवर मूल असणार. मग परत येणं कुठलं?

"मॅडम, मला काढू नका की. द्रावक बदलू या."

"निर्गुडी-अडुळशाच्या पानांतली अँटिऑक्सिडंट काढायची तर मिथेनॉलच लागतं. पाण्यात कितीशी उतरणार?"

"नुसतं पाणी नाही, मॅडम. निम्मं पाणी, निम्मं इथेनॉल. काही पाण्यात उतरतील, काही इथेनॉलमध्ये."

मॅडमनी मिथेनॉलची बाटली कपाटात ठेवली. "एकदाच. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून."

दुसऱ्या दिवशी निर्गुडीचे तीन अर्क गाळून झाले. एक नुसत्या पाण्याचा, एक भुवनेश्वरीच्या मिश्रणाचा. मिथेनॉलचा तिच्या वर्गातल्या मल्लेशनं पलीकडच्या खोलीत केला होता. तपासणीचं द्रावण गडद जांभळं असतं. अर्कात अँटिऑक्सिडंट जितकी जास्त, तितका तो जांभळा रंग उडतो. या द्रावणाच्या तीन नळ्यांत मॅडमनी स्वतः एकेका अर्काचे थेंब सोडले.

पाण्याची नळी जराशी फिकी झाली आणि तिथंच थांबली. मिथेनॉलच्या नळीचा रंग हळूहळू उतरत गेला. मधली, मिश्रणाची, मात्र बघता बघता पिवळी झाली.

"लई भारी की!" मल्लेश ओरडला.

भुवनेश्वरीनं वहीत वेळ टिपली.

"गप रे," मॅडम म्हणाल्या. नळ्या धुवायला लावून त्यांनी सगळं पुन्हा केलं. परत मधलीच आधी पिवळी झाली. तिसऱ्यांदाही तेच.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्या आपल्या केबिनमध्ये गेल्या, स्वतःची पाठ टेकायची खुर्ची फरशीवरून ओढत बाहेर आणली आणि भुवनेश्वरीच्या टेबलाशी ठेवली.

"बस. अजून अडुळशाची पानं व्हायचीत."