बटणावरचं कुंकू

देवपुरातल्या भिकुअक्कांचा कॉम्प्युटर दसऱ्यापासून तिसऱ्यांदा बिघडला होता. चालू होऊन पाच सेकंदांत बंद पडायचा. आधीच्या दोन खेपांना रॅम पुसून, वायरी बदलून वैतागलेल्या दुरुस्तीवाल्या नवलने आज चालू करायचं बटणच उचकटलं. खाचेत कुंकू गच्च बसल्याने ते दाबलेलंच राहत होतं. "अक्का, खंडेनवमीची पूजा होऊन महिना झाला. हे रोज कोण लावतं?" त्याने थकून विचारलं. याच कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करणारे अक्कांचे यजमान नाना गेल्यापासून अक्का एकट्याच होत्या. त्यांनी लाल बोटं पदराआड लपवली. "तेस्नं हत्यार शे भाऊ. मना कपाळले आते कुंकू चालत नही, म्हनीसन तठे लावस." बटण पुसून नवलने बसवलं, कॉम्प्युटर चालू केला आणि देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी आणून त्यांच्यापुढे धरली. कॉम्प्युटरच्या डब्याच्या वरच्या बाजूवर बोट ठेवून तो म्हणाला, "बटनले नको अक्का, याना माथाले लावा."