पुढच्या रांगेतली मेलेनाइते

गाडीच्या दाराच्या आतल्या कव्हरची आणखी एक क्लिप मोडली आणि फेलेतीने हातातला स्क्रूड्रायव्हर गवतात भिरकावला.

“ओढू नका बाबा, वर उचला,” लुपे म्हणाली. “स्पीकरच्या दुकानदाराने तसंच सांगितलं होतं.”

“मग बोलव त्या दुकानदाराला. म्हणावं, ये आणि तूच उचल.”

लुपेने स्क्रूड्रायव्हर शोधून परत आणून दिला. ती मांगेरेच्या विमानतळावर कामाला होती आणि रात्रपाळी करून आली होती. डोळे मिटत होते. पण आई गेल्यापासून शनिवारी बाबांना एकटं सोडायला तिचा जीव धजत नसे.

मेलेनाइतेला जाऊन चार महिने झाले होते. फेलेती अजून दुखवट्याचे काळे कपडे घालत होता, आज गाडीच्या दाराशी लोळायचं होतं तरीही. बायकोचा बोलण्याचा आवाज त्याच्या फोनमध्ये होता. दूध संपलंय, येताना ब्रेड आण, मला उशीर होईल. गातानाचा मात्र कुठेच नव्हता. चर्चच्या गायकवृंदात ती वीस वर्षं पुढच्या रांगेत उभी राहिली आणि तो पुरुषांच्या रांगेत, बरोब्बर तिच्या मागे. तरी ती कशी गायची हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं. याचीच त्याला चीड होती. बायकोचं गाणं विसरणारा नवरा असतो का कुठे?

गायकवृंदाच्या प्रमुखाने त्याला गेल्या नाताळातल्या स्तोत्रांचं ध्वनिमुद्रण दिलं. घरात सतत नातेवाइकांची ये-जा, म्हणून तो ते कामावर जाता-येता गाडीत ऐकायचा. पण स्पीकर गाडीबरोबर आलेले, कागदी आणि जुने. त्यांतून नुसता गोंगाट यायचा. बायका कुठे, पुरुष कुठे, काही कळत नव्हतं. आठवडाभर चडफडून शेवटी त्याने नवे स्पीकर आणले होते.

जुने निघता निघेनात. ते स्क्रूऐवजी रिव्हेटचे पक्के खिळे मारून बसवलेले होते, ते खिळे ड्रिलने फोडावे लागले. नवे त्या भोकात बसेनात. मध्ये प्लास्टिकच्या रिंगा घालून बसवले, तर खिडकीची काच खाली जाईना. स्पीकरची पाठ काचेला अडत होती. पुन्हा काढले, जाड रिंगा घातल्या, पुन्हा बसवले. एक स्क्रू दाराच्या पोटात पडला आणि तिथेच खुळखुळत राहिला.

“राहू दे तो,” लुपे म्हणाली.

“राहू दे कसा? जन्मभर वाजेल.”

तास गेला, स्क्रू निघाला. मग गाणं लावलं तर आवाज पोकळ, रिकामा डबा बडवल्यासारखा.

“एका दारात तारा उलट्या लागल्या असतील.”

“मी तारा उलट्या लावत नसतो.”

तारा उलट्या होत्या. फेलेतीने त्या गुपचूप सुलट केल्या. लुपेनेही गुपचूप दुसरीकडे पाहिलं. दोघं गाडीत बसले, दारं लावून घेतली. डोक्यावरून विमान गेलं. ते जाईपर्यंत तो बटणावर बोट ठेवून थांबला.

आणि मग अख्खं चर्च गाडीत येऊन बसलं. कुणी घसा खाकरला तेही ऐकू आलं. वरच्या सुरातल्या बायका वेगळ्या कळल्या, त्यांच्याखाली दुसऱ्या सुरातल्या वेगळ्या. मेलेनाइतेची रांग ही खालच्या सुराची. फेलेतीने डोळे मिटले आणि कान त्या रांगेवर लावला. एवढ्यात मागून एक खर्ज उठला आणि सगळं गिळून बसला.

त्याने गाणं मागे नेलं. पुन्हा तेच. पुढचं लावलं, त्यातही तेच.

“कोण आहे हा रेडा?” तो ओरडला. “दर ओळीला बायकांच्या डोक्यावर चढतोय. पौलोच असणार. कितीदा सांगितलं त्याला, जरा दबून गा म्हणून.”

लुपेने आवाज थोडा कमी केला.

“पौलोकाका नाताळात मायदेशी टोंगाला गेले होते,” ती म्हणाली. “ते तुम्ही आहात, बाबा.”

फेलेतीने आणखी एक ओळ ऐकली. मग गाणं बंद केलं. दिवसभराचा राग आता फेकायला जागा उरली नव्हती. काळ्या सदऱ्याला तो हात पुसत राहिला, स्वच्छ झाले तरी.

“म्हणजे वीस वर्षं मीच तिचा आवाज दाबत होतो,” तो म्हणाला. “आणि ती एका शब्दाने बोलली नाही.”

“आई गायचीच नाही, बाबा.”

त्याने वळून पाहिलं.

“नुसते ओठ हलवायची. गायकवृंदात मी तिच्या शेजारीच उभी असायचे ना. मी आले त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाली, माझा सूर फाटका आहे, बाबांना सांगू नकोस. या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही कितीही शोधलंत तरी ती सापडणार नाही.”

“मग यायची कशाला?” त्याचा आवाज पुन्हा चढला. “पाय सुजलेले असायचे तिचे. पावसात, थंडीत, सरावाला. उभं राहवत नव्हतं तरी यायची. कशाला?”

“तुम्हाला ऐकायला,” लुपे म्हणाली. “घरी तुम्ही कुठे गायचात?”